खरवडलेली वाट

मंगळवार, ता. ३

आज सकाळी मी फरशीवाल्याला दारातूनच परत पाठवलं. दाढी करत होतो. एका गालाला साबण तसाच, हातात वस्तरा, आणि दारात हा माणूस मोजायची टेप उघडून उभा. म्हणाला, "साहेबांनी पाठवलंय. बैठकीची खोली, बोळ आणि म्हाताऱ्या बाबांची खोली, तिन्हींचं माप घ्यायचंय."

मी म्हटलं, "या घरात कुणी साहेब राहत नाही."

तो हसला. मग माझ्या हातातल्या वस्तऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्यानं टेप गुंडाळली.

साहेब म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा दुसऱ्या शहरात राहतो आणि तिथून फोनवर आमचं घर चालवतो. मागच्या महिन्यात दादा येऊन बोळात जाड गालिचा पसरून गेला, आणि त्याच आठवड्यात बाबा तिथं पडले. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. पण ढोपर सुजलं आणि आठवडाभर खाटेवरून उठले नाहीत. तेव्हापासून दादाचं एकच पालुपद. लाकडी जमीन जुनी झाली, फळ्या हलतात, मधे खड्डे पडलेत. ती झाकून खरखरीत फरशी घाल, नाहीतर बावीस तारखेच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो आणि बाबांना नेतो. स्वतःच्या घरी नाही, त्याच्या शहरातल्या वृद्धनिवासात. तिथं घंटा दाबली की माणूस धावत येतो म्हणे.

फरशीवाला गेल्यावर बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "बरं केलंत. पण दादांना काय सांगणार?"

"बघतो."

"तुमचं 'बघतो' मी लग्नापासून ऐकतेय. अजून काही दिसलेलं नाही."

दुपारी फोन आलाच. मी म्हटलं, फरशी नको, मीच लाकूड घासून नवं करतो.  मग दादा म्हणाला, "तू? अरे, तू पंपघरात बटणं दाबतोस." मी म्हटलं, "बटणं दाबणाऱ्यालाही हात असतात."  दादानं विचारलं, "आणि नाही जमलं तर? बावीसला गाडीत बसवायचं ना मग?" मी म्हटलं, "बघतो."

आम्ही दोघं गावच्या एकाच खोलीतल्या शाळेत शिकलो. तो पुढच्या रांगेत, मी मागच्या. मास्तरांनी मला काही विचारलं तरी उत्तर तोच द्यायचा, आणि ते बरोबर असायचं, ही त्यातली पंचाईत. पन्नाशी आली. अजून त्याला तोंडावर 'नाही' म्हटलेलं नाही. लाकूड घासणं त्या मानानं सोपं असावं.

शनिवार, ता. ७

घासायचं यंत्र भाड्यानं आणलं. दुकानदारानं विचारलं, "पूर्वी चालवलंय?" मी नाही म्हटलं. "मग बैल समजा. एका जागी उभं राहू द्यायचं नाही, जमीन खातं. आणि ढील द्यायची नाही, तुम्हाला घेऊन भिंतीत जातं."

बैठकीची खोली रिकामी केली. मग बाबांच्या खोलीत त्यांची खाट मी आतल्या भिंतीला लावणार, तर बायकोनं हात धरला. "खाट राहू दे तिथंच. तिच्याभोवतीनं घासा."

"खाटेभोवतीनं घासायला ते काय देऊळ आहे प्रदक्षिणा घालायला?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाट सोडली. पण ती भाजी आणायला गेल्यावर खाट हलवली. काम म्हणजे काम. बाबा तेव्हा खुर्चीत बसले होते. मांडीवर माझा सदरा, बोटांत बटण. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, पण एक बटण चार दिवस लावताहेत. विचारलं की म्हणतात, आज उजेड बरा नाही. खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं. म्हाताऱ्यांशी वाद घालू नये.

खाटेचा आवाज ऐकून म्हणाले, "कुठं लावलीस?"

"ही काय, समोर."

"समोर म्हणजे भिंतीपासून किती?"

मला हसू आलं. शिंप्याला सगळ्याचं माप लागतं. मी वीतभर म्हणून सांगितलं.

रविवार, ता. ८

यंत्र फिरवण्याआधी हलणाऱ्या फळ्या घट्ट करायच्या आणि वर आलेले खिळे आत बसवायचे, नाहीतर कागद फाटतो. दिवसभर गुडघ्यांवर होतो.

या कामात मला आनंद झाला, तो लिहून ठेवतो. पंपघरात माझं पोट कानांवर चालतं. यंत्र कुरकुरलं की कुठंतरी काहीतरी झिजतंय हे मी डोळे मिटून ओळखतो. म्हणून घरातली ही करकर मला वर्षानुवर्षं छळायची. बाबांच्या दाराशी एक फळी कण्हायची. बोळाच्या मध्यावरची बदकासारखी ओरडायची. न्हाणीघरासमोरची दोनदा टकटक करायची, जाताना एकदा आणि पाय उचलल्यावर एकदा. एकेकीला खालच्या तुळईशी स्क्रूनं आवळली. संध्याकाळी बोळातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. चकार शब्द नाही. देवापुढे दिवा लावताना मनात म्हटलं, झालं, घर निरोगी झालं.

बाबा म्हणाले, "किती शांत झालं रे."

मी म्हटलं, "झालं ना?"

बायको भांडी घासत होती. तिनं एक पातेलं जरा जोरातच आपटलं.

गुरुवार, ता. १२

तीन दिवस लिहिलं नाही. हात कोपरापासून थरथरतात, पेन धरवत नाही. आधी जाड कागद, मग मधला, मग बारीक. नाकात भुसा, कानात भुसा, दातांखाली भुसा. पंपघरातला जोडीदार म्हणाला, "तुला आता वाळवी जेवायला बोलावेल."

पहिल्याच दिवशी बैलानं मला भिंतीत नेलं. बैठकीच्या खोलीत जमिनीला चंद्रकोरीसारखी खोक पडली. बसून राहिलो. दादाचा चेहरा दिसायला लागला. मग उठलो आणि ती खोक सपाट व्हावी म्हणून भोवतालची सगळी जमीन तेवढी खाली आणली. हट्टाला अर्धा दिवस गेला. जाऊ दे.

लाकूड आतून किती सुंदर आहे! मधाचा रंग, त्यात तांबूस रेघा. वरचा काळेपणा निघाला तेव्हा गावच्या मास्तरांचं वाक्य आठवलं: आधी पाटी पूस, मग लिही. बाबांच्या खाटेपासून न्हाणीघरापर्यंत त्यांच्या पावलांनी लाकडात घळ पडली होती, बोटभर नाही पण हाताला कळेल इतकी. ती काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. फळ्यांमधल्या फटींत भुसा आणि सरस कालवून भरला. आता डोळे मिटून हात फिरवला तर कुठून कुठं आलो हे कळणार नाही. एकसारखी.

बाबा मात्र सध्या खुर्चीतून हलत नाहीत. कुठं जायचं असलं की बायकोला हाक मारतात. पूर्वी स्वतः जायचे. मला वाटतं, दादानं फोनवर त्यांचे कान भरलेत. "तिथं घंटा दाबली की माणूस येतो," हे ऐकून आत्तापासून सवय करताहेत की काय? रागावू नये, पण राग येतो. मी कुणासाठी मरतोय इथं?

शनिवार, ता. १४

वॉर्निशचा पहिला हात झाला. सगळ्या खिडक्या उघड्या, आम्ही तिघं स्वयंपाकघरात. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, "बाबा, दारातून बघा तरी." म्हणाले, "झाल्यावर बघीन. अर्धा सदरा गिऱ्हाइकाला दाखवू नये."

शेजारच्या बाई वासाबद्दल भांडायला आल्या आणि दारात उभ्या राहून जमिनीकडे पाहतच राहिल्या. भांडायचं विसरून गेल्या. माणसानं याहून जास्त काय मिळवायचं?

सोमवार, ता. १६

दुसरा हात परवा रात्री दिला, तिसरा काल सकाळी, आज सगळं सुकलं. सकाळचं ऊन आत आलं तेव्हा जमीन तळ्यासारखी दिसत होती. खिडकीची चौकट तिच्यात उलटी. मी आयुष्यात एवढी सुंदर वस्तू केलेली नाही. मुळात वस्तूच कधी केली नाही, तर एवढी सुंदर कुठली!

बाबांना हाताला धरून दारापर्यंत आणलं आणि हात सोडला. म्हटलं, "चला."

त्यांनी अनवाणी पाऊल पुढे टेकवलं आणि मागे घेतलं. चौकट धरली. "पाणी सांडलंय का रे?"

"पाणी नाही बाबा. चकाकी आहे ती."

"हां," म्हणाले. "छान झालंय." आणि तिथंच उभे. मी वाट पाहिली. ते जमिनीकडे पाहतही नव्हते, समोर भिंतीकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "सूनबाईला हाक मार."

मी तसाच कामाला निघून गेलो.  आठ-दहा दिवस गुडघे फोडले आणि यांना दोन पावलं टाकायची नाहीत. जायचंच आहे तर जा म्हणावं. हे वाक्य लिहायला नको होतं. पण मनात आलं ते आलं.

मंगळवार, ता. १७

सकाळी बाबांनी खाटेवरच लघवी केली. मी चादर ओढून काढली आणि आवाज चढला. "हाक मारायची होती! न्हाणीघर काय कोसावर आहे?" बाबांनी तोंड फिरवलं. नव्वदीकडे झुकलेला माणूस. ओठ चावत होता.

बायकोनं मला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं. इतक्या वर्षांत तिनं मला असं धरलेलं नाही.

"त्यांना दिसत नाही," ती म्हणाली.

"चष्मा बदलू."

"चष्म्याचं नाही हो. गेले डोळे. उजेड-अंधार तेवढा कळतो. मी डॉक्टरांकडे नेऊन आणलंय, दोघांकडे. गेलं ते येणार नाही म्हणाले." मग तिनं एकेक सांगितलं. कण्हणारी फळी आली म्हणजे खोलीचं दार. बदक आलं म्हणजे बोळाचा मध्य. टकटक झाली की उजवीकडे वळायचं. आणि पायाखाली ती घळ. "मागच्या महिन्यात दादांनी तो जाड गालिचा बोळात पसरला, तेव्हा त्यांना वाट सापडेना, म्हणून पडले. मी दुसऱ्या दिवशी गुंडाळून माळ्यावर टाकला. मग तुम्ही आलात स्क्रू घेऊन."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. आणि मी म्हटलं नव्हतं, खाट हलवू नका?"

मी बादलीपाशी खाली बसलो. पाटी पुसली मी. तिच्यावर कुणी काही लिहिलंय का, हे न वाचता.

बुधवार, ता. १८

रजा टाकली. बाबा चहा पीत होते तेव्हा मी त्यांच्या खाटेपासून डोळे मिटून न्हाणीघराकडे निघालो. घसरलो नाही, पण कुठं आहे हेच कळेना. सगळीकडे तीच गुळगुळीत जमीन. कपाटाला गुडघा आपटला.

"कोण? तू का?" बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले. "डोळे मिटून चालतोयस?"

"कसं कळलं?"

"उघड्या डोळ्यांचा माणूस एवढ्या भीतीनं पाय टाकत नाही." आणि हसले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

त्यांच्यापाशी जाऊन बसलो. कधीपासून, विचारलं. म्हणाले, "शेवटच्या सदऱ्याला मी कॉलर उलटी लावली. गिऱ्हाईक भला होता, तसाच घालून गेला. तेव्हापासून मशीन बंद."

"मला सांगायचं होतं बाबा."

"तू दादाला सांगितलं असतंस."

"नसतं सांगितलं."

"तो विचारतो आणि तू सांगतोस. लहानपणापासून. चिंचा कुणी पाडल्या विचारलं, की तू सांगून मोकळा. वाईट मनानं नाही रे. तुला त्याच्यापुढे लपवता येत नाही." कप त्यांनी बरोबर बशीत ठेवला. बशी बायको कायम ठरलेल्या जागीच ठेवते, ते मला आज दिसलं. "मला तिथं जायचं नाही. तिथली जमीन माझी नाही. इथं मी धडपडलो तरी घरातच धडपडतो."

मी विचारलं, तुम्हाला काय हवं?  म्हणाले, "पायाला काहीतरी बोलणारं हवं."

रात्री प्रार्थनेला बसलो, मन लागेना. डोळ्यांपुढे ती तळ्यासारखी जमीन. काय करायला हवं हे मला कळलंय. जीव होत नाही. देवा, मला एवढ्या एका गोष्टीचा अभिमान होता.

शुक्रवार, ता. २०

कालपासून वॉर्निश खरवडतोय. पोलादाची धारदार पत्ती, दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढायची. खाटेपासून दारापर्यंत, बोळातून न्हाणीघरापर्यंत, आणि तिथून बैठकीच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत, दोन पावलं मावतील एवढी रुंद वाट. पहिली ओढ दिली तेव्हा डोळे मिटून घेतले. दहाव्या ओढीला काहीच वाटेना. नंतर तर जोर चढला. ओढ, ओढ! दादाची फरशी गेली खड्ड्यात आणि माझी चकाकीही.

खाट जुन्या जागी नेली. बाबा तिच्यावर, आणि मी पुढे सरकलो की स्टुलावर, बसून पाय खाली सोडतात आणि मी केलेला तुकडा तपासतात. अंगठ्यानं. कापड पारखावं तसं. "इथं फार गुळगुळीत आहे. जरा भरड राहू दे." "वळणावर आडव्या चुण्या घाल, म्हणजे वळायचं कळेल." मग मी पटाशीनं आडव्या खाचा पाडल्या. "अजून दोन. हां. आता बसलं अंगाला."

मी म्हटलं, "बाबा, शिलाई देणार का?"

"उधारीवर शिवून घेतोय तुझ्याकडून."

न्हाणीघरासमोरच्या फळीचा स्क्रू सैल केला. ती पूर्वीसारखी दोनदा वाजत नाही, एकदाच, पण मोठ्यानं. बाबा म्हणाले, चालेल, हिचं वय झालंय.

बायको उघड्या लाकडाला तेल पुसायला बसली. म्हणाली, "शेजारच्या बाई विचारत होत्या, एवढ्या छान जमिनीवर हे काय करताय? मी सांगितलं, आमच्याकडे अशीच पद्धत आहे."

रविवार, ता. २२

दादा सकाळीच आला. बूट न काढता आत आला, आणि उभा राहिला. आधी चकाकीकडे पाहिलं. मला त्याच्या तोंडावर दिसलं, त्याला हे अपेक्षित नव्हतं. मग ती वाट दिसली.

"हे काय? उंदरांनी कुरतडलंय?"

"बूट काढ," मी म्हटलं. त्यानं काढले. मी त्याला काही काढायला सांगितल्याचं हे पहिलं उदाहरण असावं.

बाबा आतून म्हणाले, "थांबा, मी येतो." आणि आले. भिंतीला हात न लावता. चुण्यांपाशी वळले, बोळातून पुढे आले, आणि बैठकीच्या खोलीच्या दारात चौकटीला खांदा आपटला. चांगला मोठा आवाज झाला.

"बघ!" दादा म्हणाला. "बघ, हेच मी सांगत होतो!"

"चौकटीला धडकलो, तुला नाही," बाबा म्हणाले. "मला दिसत नाही. झालं, सांगितलं. आता ओरड."

दादा ओरडला नाही. तो खुर्चीत बसला. हातातली गाडीची किल्ली फिरवत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मग इथं ठेवायचा प्रश्नच नाही. हे दोघं कामात असतात. उद्या काही झालं तर मी फोनवर काय ऐकायचं? सांगा ना, काय ऐकायचं मी?" त्याचं बरोबर आहे की काय, असं मला एकदम वाटलं. तो नेहमी बरोबर असायचा. बाबांना इथं काही होणार नाही, असं मी त्याला सांगू शकलो नाही, कारण तसं मला माहीत नाही.

तो उठला, बाबांच्या खोलीत गेला. खुंटीवरचे कपडे, औषधांची डबी, ब्रश, सगळं पिशवीत भरलं. आम्ही तिघं नुसते ऐकत होतो. जाताना त्यानं वाट सोडून चकाकीवरून पावलं टाकली. पिशवी गाडीत ठेवल्याचा आवाज आला. बाबांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते लिहीत नाही.

दादा दारात परत आला. "बाबा, चला. तू हात धर त्यांचा."

मी बाबांचा हात धरला नाही. बाहेर गेलो. गाडीचं मागचं दार उघडलं आणि पिशवी काढली. हलकी होती.

"काय करतोयस?"

"बाबा इथंच राहतील. तू ये. महिन्याला ये, आठवड्याला ये, राहायला ये. नेता यायचं नाही."

"ठेव ती परत."

"नाही," मी म्हटलं. पिशवी घेऊन आत गेलो आणि बाबांचे कपडे एकेक करून खुंटीवर टांगले.